दुसऱ्या बाईचा हात

मोखबारीच्या बायका डॉ. हेमलता शिरसाटला ‘दुसरी बाई’ म्हणत. पहिली बाई म्हणजे नर्स जयू वळवी. ती दिसायची, बोलायची, वेळेवर आलं नाही तर रागवायची. दुसरी बाई जयूच्या उजव्या हातात असायची.

जयूने करडा हातमोजा चढवला आणि कोपराखाली पट्टा आवळला, की टेबलावर आडवी झालेली बाई विचारायची, “आली का दुसरी?”

आणि सातपुड्यातल्या त्या ग्रामीण रुग्णालयापासून हजारो मैल दूर, इंग्लंडमधल्या लीड्समध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली हेमलता म्हणायची, “आले. हात गार लागतोय का?”

“नाही. हात तर जयूचाच आहे ना.”

त्या गुरुवारी टेबलावर रूमी होती. आठवा महिना, तिसरं बाळंतपण. लीड्समध्ये अजून उजाडलं नव्हतं. मोखबारीत ऊन तापायला लागलं होतं. हेमलताने डोळे मिटले. तिच्या बोटांखाली रूमीचं पोट आलं. ताणलेली, किंचित ओलसर कातडी, तिच्याखाली गर्भाशयाचा घट्टपणा, आणि वरच्या अंगाला काहीतरी गोल, टणक, ढकललं की चेंडूसारखं हलणारं.

“जयू, हात घाई करतोय. थांब. दाब, सोड. हं. हे डोकं. वर आहे.”

“म्हणजे पायाळू,” जयू म्हणाली.

“अजून वेळ आहे, फिरेल कदाचित. दर आठवड्याला बघायचं मात्र. रूमी, चुकवायचं नाही हां.”

“मी कशाला चुकवते?” रूमी म्हणाली. “ही बाई इतक्या लांबून येते, पोट चाचपते आणि चहासुद्धा न घेता जाते. माझ्या सासूला खरंच वाटत नाही.”

या यंत्रणेचं नाव दूरहात. ती समजायला अवघड नव्हती. मोज्याच्या बोटांवर खसखशीएवढे संवेदक होते. दाब, ताण, ऊब, थरथर, सगळं ते टिपत. ती नोंद निमिषात दुसऱ्या टोकाच्या पट्ट्यात उतरायची आणि पट्टा ती त्वचेला वगळून थेट हाताच्या मज्जातंतूंना द्यायचा. मज्जातंतूंतून काय आलं एवढंच मेंदूला कळतं. ते कोणाच्या कातडीवरून आलं, याची तो चौकशी करत नाही. दोन्ही टोकांना मोजाही असायचा आणि पट्टाही. डॉक्टरच्या मोज्यातून तिच्या बोटांची हालचाल जायची आणि नर्सच्या हाताला ती हलक्या मुंग्यांसारखी कळायची: इकडे सरक, इथे दाब. नर्सच्या पट्ट्यातला प्रवाह मुद्दामच मंद ठेवला होता.

डॉक्टरच्या बाजूला एक अडचण होती. तिचा हात घरच्या टेबलावरच्या मऊ गादीवर असायचा. गादीचा स्पर्श आणि पोटाचा स्पर्श एकाच वेळी आले तर दोन्हींचा काला व्हायचा. म्हणून सत्र चालू असेतो पट्टा त्या हाताचा स्वतःचा स्पर्श कोपराखालीच अडवून धरायचा. सत्र संपल्यावर चहा होईपर्यंत हात परत यायचा. पण मेंदूत हाताचा एक नकाशा असतो, आणि ज्या बाजूने बातमी येते त्या बाजूला तो जागा देत जातो. दुरून रोज ठळक बातमी येऊ लागली आणि जवळून नुसती शांतता, तर नकाशा दूरच्या हाताच्या नावावर होतो. म्हणून नियम केला होता: एका डॉक्टरला आठवड्यातून दोनच सत्रं, मध्ये विश्रांती.

नियम मोडायचा कोणाचाच विचार नव्हता. झालं असं, की यॉर्कशायरमधल्या मराठी डॉक्टरांनी दूरहातचं काम आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या पद्धतीने चालवायला घेतलं. मंडळात एकाच्या घरचा गणपती दुसऱ्याने सांभाळायचा, एकाच्या आईची औषधं तिसऱ्याच्या बॅगेतून जायची. तसंच पाळ्यांचं झालं. डॉ. अच्युत महाबळ सर्जन, त्यांचा वार सोमवार. पुतणीच्या लग्नासाठी ते तीन आठवडे पुण्याला निघाले तेव्हा हेमलताला म्हणाले, “तू बैस ना माझ्या जागी.”

“माझी दोन सत्रं होतात, अच्युत.”

“अगं, माझ्या नावाने बैस. आपल्यात कसलं आलंय लॉगिन? पासवर्ड कुत्र्याचं नाव.”

ती बसली. मग कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोणाची नातवंडं आली, कोणी नुसतंच कंटाळलं. हेमलता रोजच भेटते म्हटल्यावर जयूने गरोदर बायकांना सगळे वार वाटून दिले. दूरहातच्या पुण्यातल्या कार्यालयात नोंदी स्वच्छ दिसत होत्या: प्रत्येकाच्या नावावर दोन-दोन सत्रं. त्यातली बहुतेक हेमलताच्या हाताची होती. पुण्याहून मोखबारी एका रात्रीच्या बसवर आहे. लग्नाला गेलेल्यांपैकी तिथवर कोणी गेलं नाही. हेमलताही कधी गेली नव्हती.

नवरा, प्रभाकर, गेल्यापासून घरात आवाज नव्हता. तो गेला तेव्हा ती रडली नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. तिला स्वतःला तसं काही वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. सकाळी पट्टा बांधला की मात्र बोटांखाली कोणीतरी हलायचं. तेवढा वेळ बरा जायचा.

पहिल्यांदा तिला कळलं ते कणीक मळताना. कणीक सैल झाली की घट्ट, हे हाताला समजेना. तिने वाकून बघितलं आणि पाणी घातलं. आणखी काही दिवसांनी, पर्समधली किल्ली हाताने शोधता येत नाही म्हणून तिने सगळी पर्स गाडीच्या टपावर उलटी केली. शेजारीण बघत होती. हेमलताने तिला हसून हात केला, किल्ली उचलली आणि कामाला गेली. डॉक्टर असून तिने यावर विचार केला नाही. ‘वय झालं’ असं मनाशी म्हटलं. तिच्यापुढे बसलेल्या रुग्णाने असं म्हटलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

मार्चमधल्या एका रविवारी मृण्मयी जेवायला आली. हेमलताची एकुलती एक मुलगी, तेहतीस वर्षांची, पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. जेवण झाल्यावर ती सोफ्यावर पाय पसरून आडवी झाली.

“आई, इकडे ये पटकन. हात दे. तुझ्या जावयाला रोज कळतं, तुला एकदाही नाही.”

हेमलताने उजवा हात तिच्या पोटावर ठेवला. स्वेटर मऊ आहे की खरखरीत, तेही कळत नव्हतं. तिने डोळे मिटले. सवयीने.

“कळलं?”

“हो,” हेमलता म्हणाली. “केवढ्या जोरात मारतंय गं.”

हेमलताने डोळे उघडले, तर मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती.

“आई, ते थांबलंय. तू हात ठेवलास तेव्हाच थांबलं.”

हेमलताने हात मागे घेतला.

“मग काय कळलं तुला?”

“काही नाही, मिनू.”

“म्हणजे?”

हेमलताने सांगितलं. पट्टा, पाळ्या, कुत्र्याचं नाव, कणीक, किल्ली. केस वाचून दाखवावी तसं, क्रमाने. मृण्मयी उठून बसली.

“कधीपासून?”

“दिवाळीपासून असेल.”

“म्हणजे डोहाळजेवणाला माझ्या गालांवरून हात फिरवलास, तेव्हा?”

“तेव्हाही.”

“मी सगळ्यांना सांगत होते, आईने किती दिवसांनी कुरवाळलं म्हणून.” मृण्मयीने उशी मांडीवर घेतली. “तिकडच्या प्रत्येकीचं बाळ तुला कळतं.”

“हो.”

“आणि हे त्याच हाताला नाही.”

“नाही.”

“बरं,” मृण्मयी म्हणाली, आणि कोट घ्यायला उठली.

दुसऱ्या दिवशी हेमलताने पुण्याला फोन लावला. डॉ. असीम देवस्थळी दूरहातचे मज्जातज्ज्ञ होते. त्यांनी पडद्यावरूनच तिच्याकडून चाचण्या करून घेतल्या. डोळे मिटून कापूस, मग केसांची पिन: एक टोक लागतंय की दोन?

“टोचतंय का?”

“तुम्ही सुरू केलंत का?” हेमलताने विचारलं. तिची शेजारीण पिन धरून बसली होती. तिने ‘हो’ म्हणून मान हलवली.

देवस्थळी थोडा वेळ समोरच्या नोंदी चाळत राहिले. “मॅडम, तुमच्या नावावर तर दोनच सत्रं दिसतायत.”

तिने तेही सांगितलं.

“असं किती जण करतात?”

“बहुतेक सगळे. मी जास्त.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “आत्ता थांबलात तर परत यायची शक्यता आहे. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. रोज सराव करावा लागेल, लहान मुलाला शिकवतात तसा. चालूच ठेवलंत तर मग विषय संपला.”

“मेअखेर नातवंड येतंय. तोवर?”

“ते मी सांगू शकत नाही. खोटं कशाला बोलू?”

थांबायचं, एवढंच होतं. पण गुरुवारी मोखबारीच्या ओसरीवर बायका येऊन बसणार होत्या. तिथलं सोनोग्राफीचं यंत्र चांगलं होतं. ते चालवणारा माणूस महिन्यातून एकदा यायचा. मंडळात बाळंतपणाची डॉक्टर एकटी हेमलता. महाबळांच्या हाताला पोटातली गाठ कळत होती, पोटातलं मूल नाही. आणि रूमीचं बाळ पायाळू होतं. ते तसंच राहिलं आणि कळा घरी सुरू झाल्या, तर डोकं अडकून पुढे काय होतं ते हेमलताला माहीत होतं.

तिने जयूला साधा फोन केला. जयूने सगळं ऐकून घेतलं.

“मॅडम, मग तुम्ही थांबा.”

“आणि रूमी?”

“मी बघते.”

“कशाने बघणार?”

“हाताने. इतकी वर्षं माझाच हात फिरतोय ना त्यांच्या पोटावर?”

“जयू, फिरवत मी होते. मुंग्या आल्या म्हणून हात शिकत नाही.”

“मग घ्या परीक्षा,” जयू म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता, पण तिने फोन ठेवला नाही.

परीक्षा घ्यायची कशी, हाच प्रश्न होता. मोखबारीतल्या कोणाही बाईला जयूने तपासलं, तरी तिचं उत्तर बरोबर की चूक हे बघायला हेमलताला पट्टा बांधावाच लागणार. असं पोट हवं होतं, ज्याचं उत्तर हात न लावता आधीच माहीत असेल. तिच्या ओळखीत असं एकच पोट होतं. महिनाभराने, छत्तिसाव्या आठवड्यात, त्याची सोनोग्राफी ठरलेली होती.

तोवर हेमलताने आपली नेमून दिलेली दोन सत्रं तेवढी ठेवली. देवस्थळींना ते आवडलं नाही. रूमीचं बाळ फिरलं नाही.

मृण्मयीला विचारायला ती स्वतः गेली. दाराशीच सांगितलं, काय हवंय ते.

“म्हणजे दूरहात उलटा लावणार,” मृण्मयी म्हणाली. “मोजा तू घालणार आणि बाळ कळणार तिला.”

“हो.”

“तुला काहीच कळणार नाही.”

“नाही. पण तिला कळलं, तर मला थांबता येईल.”

मृण्मयीने बराच वेळ दाराची कडी चाळवली. “कॅमेरा नको. माझं पोट कोणाच्या पडद्यावर नको.”

“नको.”

“आणि जेवून जा. इडल्या केल्यात.”

देवस्थळींनी जयूच्या पट्ट्यातला प्रवाह एका सत्रापुरता वाढवून दिला. “एकदाच,” त्यांनी तीनदा सांगितलं. सोनोग्राफी आदल्या दिवशी झाली होती. बाळाचं डोकं खाली, पाठ आईच्या उजव्या बाजूला. जयूला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

मृण्मयी आपल्या सोफ्यावर आडवी झाली. हेमलताने मोजा चढवला. पट्टा बांधला नाही. तो डब्यातच राहिला. फोन स्पीकरवर होता.

“नमस्कार ताई,” जयूचा आवाज आला. “हात गार लागतोय का?”

मृण्मयीला हसू आलं. “आईचाच आहे. गारच असतो.”

“मॅडम, वरून सुरू करा. दोन्ही बाजूंनी... नाही, मॅडम, हात घाई करतोय.”

हेमलता थांबली. हे वाक्य तिचं होतं. ते असं ऐकायला कसं वाटतं, हे तिने कधी बघितलं नव्हतं.

“दाबा. सोडा. हं. वर मऊ आहे, हलत नाही. ढुंगण. आता खाली. अंगठा एकीकडे, बोटं दुसरीकडे. हे डोकं. खाली आहे, बरं आहे. आता बाजू. जवळच्या बाजूला बारीकसारीक लागतंय, हातपाय. पलीकडे सपाट, लांब. पाठ. पाठ डावीकडे आहे, मॅडम.”

हेमलताचा हात तिथेच राहिला. तिच्या मनात काही हललं नाही. तिने फक्त पुढचं मोजलं: आता दर गुरुवारी, रूमी बाळंत होईपर्यंत, मग रूमीनंतरची, मग तिच्या नंतरची. हात परत येणार नव्हता. मृण्मयी तिचा चेहरा बघत होती. रिपोर्ट तिनेही वाचला होता.

“चुकलं का?” जयूने विचारलं.

मग तिनेच पुढे विचारलं:

“मॅडम, तुम्ही उजव्या बाजूलाच उभ्या आहात ना?”

हेमलताने खाली बघितलं. डॉक्टर रुग्णाच्या उजव्या बाजूला उभा राहतो. पहिल्या वर्षी शिकवतात, आणि मग जन्मभर पाय आपोआप तिकडे जातात. तिचेही गेले असते. पण मृण्मयीच्या सोफ्याची ती बाजू भिंतीला लागून होती. ती डाव्या बाजूला गुडघे टेकून बसली होती, आणि पलीकडे म्हणजे उजवीकडे.

“नाही,” ती म्हणाली. “डाव्या.”

“मग पाठ उजवीकडे. असं आधी सांगायचं ना, मॅडम! मला इथे घाम फुटला.”

मृण्मयी हसायला लागली, पोट धरून.

“ताई, हसू नका, हलतंय. थांबा... मॅडम, हात काढू नका.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “उचकी लागलीय त्याला. बारीक, टुक टुक टुक. तुम्हाला कळतंय?”

मृण्मयीने आईकडे बघितलं. “रोज याच वेळेला लागते,” ती जयूला म्हणाली. “मी कोणालाच सांगितलं नव्हतं.”

हेमलताचा हात त्या उचकीवर होता. करड्या मोज्यातली पाच बोटं तिला दिसत होती. ती हलत नव्हती.

“अजून लागतेय?” तिने विचारलं.

“लागतेय.”

“थांबली की सांग.”

तिघी तशाच राहिल्या. बऱ्याच वेळाने हजारो मैलांवरून जयू म्हणाली, “थांबली.” हेमलताने हात उचलला.

त्या आठवड्यात तिने पुण्याला लेखी कळवलं आणि संच डब्यात भरून परत पाठवला. पुण्याने सगळ्यांची लॉगिनं बंद करून प्रत्येकाला कापूस आणि पिन घेऊन बसवलं. महाबळांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा होता.

“काय गं, आमचंही बिंग फोडलंस. बरं, ऐक ना, हल्ली मला शर्टाची बटणं...” ते थांबले. “जाऊ दे. भेटल्यावर बोलू.”

मोखबारीत गुरुवार चालू राहिला. बायका म्हणाल्या, दुसरी बाई येईना. जयू म्हणाली, ती सुट्टीवर आहे, झोपा. दिवस भरत आले तरी रूमीचं बाळ पायाळूच होतं. जयूने कळांची वाट न बघता तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि स्वतः गाडीत सोबत बसली. सिझेरियन झालं. मुलगा. रूमीच्या सासूने जयूला चहा पाजला आणि दुसऱ्या बाईच्या वाट्याचा कप शेजारी भरून ठेवला. तो जयूनेच प्यायला.

हेमलता रोज सकाळी सरावाला बसायची. डोळे मिटून तांदूळ, मग साबुदाणा, मग वाळू. तिन्ही सारखेच. ती एक-एक वाटी पालथी घालून पुन्हा भरायची. रडू येत नव्हतं, कंटाळाही येत नव्हता.

मृण्मयीला मेच्या शेवटच्या आठवड्यात मुलगी झाली. दवाखान्यात जावयाने, डॅनियलने, बाळ हेमलताच्या कुशीत दिलं. कोपराच्या वर वजन कळलं. उजव्या हाताचा तेवढाच भाग तिचा होता. बाळाने झोपेतच मूठ उघडली आणि हेमलताच्या उजव्या हाताची तर्जनी धरली.

मृण्मयीने पलंगावरून बघितलं. तिने जयूला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

“अभिनंदन, मॅडम! कशी आहे?”

“चांगली आहे. माझं बोट धरलंय.”

“हाताला काय वाटतंय?”

मृण्मयी ऐकत होती. हेमलताने या वेळी डोळे मिटले नाहीत.

“काही नाही, जयू. पण नख पांढरं पडलंय.”

“म्हणजे पकड घट्ट आहे.”

“हो,” हेमलता म्हणाली. “घट्ट आहे.”

मृण्मयी म्हणाली, “आई, बस ना जरा, पाय दुखतील.” हेमलता न बघताच मागे सरकली आणि खुर्चीत टेकली. तिची नजर बोटावर होती. ती काढली असती, तर बाळाने बोट कधी सोडलं ते तिला कळलं नसतं.